गेमवर सहा तास लक्ष लागतं, मग अभ्यासावर का नाही?

काजूबोंड (सावंतवाडी)

परवापासून आमच्या पंचक्रोशीच्या ग्रुपवर एका बागायतदार काकांची पोस्ट फिरतेय. तिचा सारांश असा: "एडीएचडी हे मोबाइलच्या व्यसनाला शहरातून आलेलं गोंडस नाव आहे. पोराचं गेमवर सहा तास लक्ष लागतं, मग अभ्यासावर का नाही? आठवडाभर फवारणीच्या पंपाला जुंपा, सगळं सुटेल." खाली अंगठ्यांचा ढीग. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही म्हणून हा धागा.

माझं वय ३६, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि चंचलपणा ताब्यात न राहण्याच्या विकाराचं, निदान झालं ३३व्या वर्षी. तोवर मी फक्त आळशी आणि धांदरट होते. काकांचा प्रश्न माझ्या आईने मला हजारदा विचारलाय. उत्तर एवढंच की आमच्याकडे लक्ष कमी नसतं. ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं, हे हातात नसतं. जिथे क्षणाक्षणाला काही घडतं आणि केल्याचं फळ तिथल्या तिथे मिळतं, तिथे ते जाऊन चिकटतं. मग तहान लागलेली कळत नाही, लघवीला लागलेली कळत नाही.

२०२१च्या पावसाळ्यात मला गंजिफांनी, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांनी, झपाटलं. आमच्या राजवाड्यात कारागीर रंगवतात तसा दशावतारी संच करायचा होता: दहा अवतार, प्रत्येकाची बारा, अशी १२० गोल पानं. अकरा रात्री जागून मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह पूर्ण केले. वामनाच्या सातव्या पानावर एका सकाळी हात थांबला तो थांबलाच. ती ५५ पानं आजही बिस्किटाच्या डब्यात आहेत. त्या अकरा दिवसांत माझी मुलगी दोनदा एसटी स्टँडवर माझी वाट बघत बसली. एकदा पाऊण तास, भर पावसात. सात वर्षांची होती.

मग स्टारड्यू व्हॅली आला. शेतीचा गेम. त्यातला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा, ऋतू २८ दिवसांचा. पेरलं की दीड-दोन तासांत पीक हातात. दारातलं हापूसचं कलम फळायला चार-पाच वर्षं घेतं. गेममधल्या वाफ्यांना मी रोज न चुकता पाणी घातलं, आणि परड्यातली तीन नवी कलमं मे महिन्यात वाळून गेली. मी हे चैन म्हणून करत होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या वाळलेल्या कलमांपुढे उभी असलेली मी बघायला हवी होते.

बागायतदार (देवगड)

ती पोस्ट माझी. सुनावलंत, आता माझंही ऐका.

माझा मुलगा बारावीत आहे. पहाटे चारला पाणी प्यायला उठलो की त्याच्या खोलीत निळा उजेड दिसतो. गोळीबाराचा गेम, कानात यंत्र, बापाने हाक मारली तरी मान वळत नाही. जानेवारीत मोहोरावर फुलकिडे पडले तेव्हा पंप धरायला गडी मिळेना. याला म्हटलं, चार दिवस ये. पहिल्या दिवशी दहा झाडं केली आणि पंप तसाच चालू ठेवून निघून गेला. टाकीभर औषध जमिनीत. त्या रात्री रागाने पोस्ट लिहिली. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

आणि एक. माझ्या पुतण्याने शोधून सांगितलं की तुमचं ते एकाच गोष्टीला चिकटून बसणं, 'हायपरफोकस', डॉक्टरांच्या निदानाच्या निकषांत नाहीच. पुस्तकात नाही ते तुम्ही आजार म्हणून सांगता?

रात्रपाळी (चिपळूण)

काका, पुतण्याचं बरोबर आहे. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तकातल्या यादीत तो शब्द नाही. पण यादीत आहे ते वाचलं का? हातातलं काम अर्धवट सोडणं, वस्तू हरवणं, समोरून बोललं तरी ऐकू न आल्यासारखं दिसणं. पंप चालू ठेवून निघून जाणं याच यादीतलं आहे. तुम्ही स्वतःच लक्षणं लिहून दिलीत.

आणि गेम म्हणजे विष, हेही सोडा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडीच्या मुलांसाठी एक व्हिडिओ गेमच उपचार म्हणून मंजूर केलाय.

बागायतदार (देवगड)

म्हणजे दारू सोडवायला दारू. चालू द्या.

शाळामास्तर (गुहागर)

रात्रपाळी, अर्धं सांगू नकोस. तो गेम मंजूर झाला तो डॉक्टरच्या चिठ्ठीने आणि बाकीच्या उपचारांच्या जोडीला द्यायचा म्हणून. त्याचा या गोळीबाराशी काही संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आपल्या आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी २०२२ पासून लागू आहे. त्यात साधारण १२ महिने तसं वागणं टिकलेलं असावं लागतं. तेव्हा काकांची भीती हवेतली नाही. एडीएचडी आणि हे, दोन्ही एकाच पोरात असू शकतं, एकामुळे दुसरं वाढतंही.

आमच्यासारख्यांनी हे ओळखावं अशी अपेक्षा असते. कधी ओळखायचं? पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरा, परत भरा. दोन वर्ग एका खोलीत घेऊन मी शिकवतो. मागच्या बाकावरचा पोर खिडकीबाहेर बघतोय हे मला दिसतं, पण त्याच्याशेजारी बसायला मला दहा मिनिटं मिळत नाहीत. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी वेगळं नाही. पालक मला विचारतात, परीक्षेत सवलत मिळेल का? मी काय सांगू?

खाडीकाठ (मालवण)

माझा ऐका. आमचो आजो कर्लीच्या खाडयेर गरी टाकून रात-रात बसायचो. गावात तेका येडो म्हणत. तेका कोणी डॉक्टर दाखवूक नाय, गोळये देवक नाय. घरात मासो कधी कमी पडलो नाय. पोराक घेवन खाडयेर जावा, मोबाइल घरात ठेवा. उधाणाच्या भरतीक दोन तास बसवा, लक्ष आपोआप लागतला.

दर्यावर्दी (हर्णै)

अवांतर: उधाणाला पोराला खाडीवर बसवा म्हणणाऱ्याने स्वतः कधी गरी टाकलीय का? अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला एवढी ओढ असते की शिसं तळाला ठरत नाही. शिकाऊ पोराला न्यायचं तर अष्टमीच्या आसपास, भांगाला, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा.

खाडीकाठ (मालवण)

तुमचा हर्णैचा उघडा दर्या. आमच्या खाडयेत भांगाक पाणी मेलेला असता, मासो वर चढना नाय. चाळीस वर्षां बसतंय मी थय.

दर्यावर्दी (हर्णै)

चाळीस वर्षं चुकीच्या तिथीला बसलात तर तो अनुभव नव्हे. आमच्या घरात तीन पिढ्या दर्यावर गेल्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा. हे आमच्याकडे पोरगं शाळेत जायच्या आधी शिकतं.

खाडीकाठ (मालवण)

ता गणित तोंडाशी चलता. खाडयेत आत गेलास की भरती उशिरा पोचता, पाऊण-एक तास धरूक लागता. माका शिकवू नको.

काजूबोंड (सावंतवाडी)

दोघांनी जरा थांबा. एक विचारते, खाडीकाठकाका. ही पाऊणकी तुम्ही कधी शिकलात?

खाडीकाठ (मालवण)

आता इचारलास म्हणान सांगतंय. चवथीत असताना माका साताचो पाढो येय नाय. मास्तरान वर्गाभायर उभो केल्यान, कितीदा ता मोजूक नाय. पण आज्यान भरतीचो हिशोब सांगल्यान आणि दोन दिसांत अख्खी पाऊणकी तोंडपाठ. आजपण झोपेत इचारा. साताचो पाढो आजपण अडाकता.

रात्रपाळी (चिपळूण)

काका, हेच तर आम्ही सकाळपासून सांगतोय. आणि गरीवर लक्ष का लागतं? दोरीला कधीही हिसका बसेल म्हणून. गेममध्ये तेच असतं.

खाडीकाठ (मालवण)

गेमात मासो खावक गावता काय? तेवढो फरक ठेव.

आणि एक गोष्ट लिवचा नव्हता, पण लिवतंय. आज्याच्या भावाचा लगीन होता. आजो पहाटे "आलंयच" म्हणान खाडयेर गेलो. वरात गेली तरी आजो नाय. भाव तेच्याशी मरेपर्यंत बोलाक नाय. आजी सांगताना रडायची. गावान येडो म्हटल्यान, तेचा तेका काय वाटायचा ता कोणी इचारूक नाय.

उंबरठा (राजापूर)

सगळे वाचून झाले. आता घर सांभाळणाऱ्या बाईचंही वाचा.

माझ्या नवऱ्याला निदान झालेलं नाही, पण ताईंच्या लिखाणात मला तोच दिसला. त्याला कातळशिल्पांचं वेड लागलं. २०२२ मध्ये आपली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि ते वेड दुप्पट झालं. रविवारी पहाटे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जातो, काळोख पडल्यावर येतो. गवत काढतो, मापं घेतो, नकाशे करतो. लोक घरी येऊन कौतुक करतात. मी चहा करते. त्याच सहा महिन्यांत विजेचं बिल तीनदा थकलं, मुलाला ताप असताना दवाखान्यात मी एकटी गेले, गाय व्याली तेव्हा शेजाऱ्याला हाक मारली. तो वाईट माणूस नाही. रात्री येऊन खरंच रडतो, माफी मागतो आणि पुढच्या रविवारी परत सड्यावर.

काजूबोंड, तुमच्या ५५ पानांबद्दल मला सहानुभूती आहे. पण त्या अकरा दिवसांत तुमच्या मुलीला स्टँडवरून आणलं कोणी? तुमचं मन कसं अडकतं हे तुम्ही इतकं सुंदर लिहिता, आणि बाकीचं घर कोण ओढतं त्याला अर्धी ओळ. निदान झालं की माझी भांडी कोण घासणार आहे?

काजूबोंड (सावंतवाडी)

सासूबाईंनी आणलं. दोन्ही वेळा. वय ७१, गुडघे दुखतात, छत्री घेऊन चालत गेल्या.

यावर माझ्याकडे उत्तर नाही, उंबरठाताई. निदानाने माझा अपराध धुऊन निघाला नाही. बदललं ते असं की आता मी स्वतःला शिव्या घालत बसण्याऐवजी सोय करते. मुलीची सुटण्याची वेळ झाली की तीन गजर वाजतात, त्यातला एक स्वयंपाकघरात, जिथे उठून जावंच लागतं. रंगाचा डबा सासूबाईंच्या कपाटात असतो, मागितल्यावर त्या विचारतात, "आज काय राहिलंय?" गोळी चालू आहे. घरातल्यांचं ओझं अर्धं झालं असं म्हणणार नाही. थोडं कमी झालंय.

उंबरठा (राजापूर)

थोडं कमी झालं तरी मला पुरेल. पण डॉक्टरकडे त्याने स्वतःहून जायला हवं. तेवढं तरी मी ओढून नेणार नाही.

रात्रपाळी (चिपळूण)

गोळीचं निघालं म्हणून. मिथिलफेनिडेट हे औषध कायद्याने शेड्यूल एक्समध्ये आहे. विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. गैरवापर होतो म्हणून नियम, ते मान्य. पण लहान गावात कोण ठेवणार ते औषध? माझ्या जवळपास मिळत नाही. मी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जातो. पावसाळ्यात दरड आली की बसलो घरात. ज्या माणसाला तारखा लक्षात ठेवता येत नाहीत, त्यानेच दर महिन्याला तारीख लक्षात ठेवून घाट चढायचा. आणि इथे लोक लिहितात की हे श्रीमंतांचे चोचले.

बागायतदार (देवगड)

ते 'चोचले' मी लिहिलं नव्हतं, खालच्या कोणीतरी लिहिलं. पण माझ्या पोस्टखालीच लिहिलं, हे खरं.

मला काय भीती वाटते ते सांगतो. आमच्या लहानपणी कोणी जरा वेगळा वागला की म्हणत, याला रत्नागिरीला दाखवा. मनोरुग्णालय तिथलं म्हणून. ती एक ओळ माणसाला जन्मभर चिकटायची. माझ्या मुलाच्या नावामागे असं काही लागलं तर उद्या त्याला मुलगी कोण देणार? गाव काय म्हणेल? तुम्ही तरुण माणसं उघडपणे लिहिता, मला ते जमत नाही.

काजूबोंड (सावंतवाडी)

काका, ती ओळ मीही ऐकलीय. सहावीत, वर्गात, सगळ्यांसमोर. निदान नव्हतं तेव्हाच चिकटली होती. तुमच्या मुलालाही गावाने काहीतरी नाव ठेवलंच असेल.

बागायतदार (देवगड)

ठेवलंय. ते इथे लिहिणार नाही.

शाळामास्तर (गुहागर)

काका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोनवर बोलता येतं, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. गावातल्या कोणाला कळायचं कारण नाही. निदान फोनवर होणार नाही, पण पुढे कुठे जायचं ते सांगतील.

दर्यावर्दी (हर्णै)

आणि खाडीवर न्यायचाच झाला तर अष्टमीला न्या.

बागायतदार (देवगड)

मी कुठलीही गोष्ट मान्य केलेली नाही, आधीच सांगतो. फोन रात्री दहाला माझ्या कपाटात जाणार म्हणजे जाणार. पण डॉक्टरला एकदा दाखवायचं ठरवलं तर बरोबर काय न्यायचं? हा पोरगा तिथे जाऊन काही बोलणार नाही.

काजूबोंड (सावंतवाडी)

फोन कपाटात ठेवा, त्याला माझी हरकत नाही. फक्त आधी त्याच्याशी बोलून वेळ ठरवा, मधेच हिसकावून घेऊ नका. गेम चालू असताना ओढून काढलं की आतून सोलल्यासारखं होतं.

न्यायचं म्हणाल तर, लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसायला लागली होती का, हे डॉक्टर विचारतात. तेव्हा जुनी प्रगतिपुस्तकं न्या, पहिली ते सहावीची. मार्क नाही, शेरे बघतात. शिवाय दोन आठवडे रोज लिहा: किती वाजता झोपला, काय अर्धवट राहिलं, कशात रमला. पंपाचंही लिहा.

बागायतदार (देवगड)

प्रगतिपुस्तकं सगळी आहेत. हिने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलीत. तिसरीच्या बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, "हुशार आहे, पण जागेवर नसतो." तेव्हा मी त्याला मारलं होतं.

उद्या ट्रंक काढतो.