नवी विमानं की जुन्यांचे सुटे भाग? संरक्षणाचा पैसा आधी कशाला?

पंचवटीकर: २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी. आकडा मोठा दिसतो, पण जीडीपीच्या २ टक्क्यांच्या आतच. त्यातले १.६१ लाख कोटी पेन्शनला, १.८० लाख कोटी भांडवली खर्चाला. त्यातूनही आधी जुन्या करारांचे हप्ते जातात, उरेल ते नव्या खरेदीला. म्हणून आधी आहेत ती विमानं उडती ठेवा. सुखोई लढाऊ विमानं साधारण २६०. उड्डाणाला तयार विमानं एकूण ताफ्याच्या आणखी १० टक्क्यांनी वाढवली तर २६ विमानं हाताशी येतात, एक स्क्वाड्रन (हवाई दलाची विमानांची तुकडी) भरून वर काही. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यातल्या तेजस उत्पादन लाइनची क्षमता वर्षाला ८. तेवढ्यासाठी तीन वर्षं थांबायचं?

ओझर_मिग: हिशेब कागदावर छान आहे, भाऊ. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं आणि स्क्वाड्रन २९ वर आल्या. मंजूर आहेत ४२. डागडुजीने ही दरी भरत नाही. शिवाय लाइन म्हणजे नळ नव्हे. ऑर्डर आटली की जिग (जोडणीचे साचे) जागेवर राहतात, माणसं पांगतात. अंबड-सातपूर एमआयडीसीतला पुरवठादार मशीन दुसऱ्या कामाला लावतो. त्याला परत आणलं की प्रत्येक पार्टचा पहिला नग नव्याने मोजून मंजूर करून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोईंचा करार सुमारे साडेतेरा हजार कोटींना झाला. किरकोळीत घेतलं की दर असाच लागतो.

पंचवटीकर: लाइनला इंजिनही लागतं ना? तेजस मार्क-१ए च्या ९९ इंजिनांचा करार २०२१ चा, पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. बिनइंजिनाचे सांगाडे स्क्वाड्रनमध्ये धरायचे का?

ओझर_मिग: आणि सुखोईचे सुटे भाग काय रामकुंडावर मिळतात? २०२२ नंतर रशियाला पैसे पोचवायचीच पंचाईत आहे.

देवळाली_कॅम्प: दोघंही आभाळातून खाली या. १५५ मिमीचा एक गोळा साधारण ४३ किलोचा. १०० तोफांनी दिवसाला शंभर-शंभर गोळे डागले की नुसत्या गोळ्यांचंच वजन ४३० टन, चार्ज आणि पेट्या वेगळ्या. गोळा, चार्ज (गोळा फेकणारी दारू), फ्यूज (गोळा फोडणारा भाग), प्रायमर (दारू पेटवणारा भाग) यांतलं एक नसेल तर बाकी तिन्ही गोदामात पडून. कॅगच्या २०१७ च्या अहवालात तोफगोळ्यांना फ्यूज कमी असल्याचा मुद्दा होताच. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० के-९ वज्रचा करार झाला. उत्तम तोफ. पण तिच्यासोबत किती दिवसांचा पूर्ण दारूगोळा, हे आधी ठरवा.

हिशेबनीस: एक गोष्ट सुटतेय. विमान, तोफ भांडवली खात्यातून. दारूगोळा, सुटे भाग, इंधन बहुतांशी महसुली खात्यातून. महसुलीत पगाराला हात लावता येत नाही, म्हणून कात्री याच तिघांवर चालते. भांडवलीतले पैसे तिकडे वळवायचे तर संसदेची मंजुरी हवी, आणि ३१ मार्चला उरलेलं परत जातं. पंधराव्या वित्त आयोगाने लॅप्स न होणारा निधी सुचवला होता, तो आधुनिकीकरणासाठी. पंचवटीकर म्हणतात त्या सुट्या भागांचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

ओझर_मिग: मग सुट्या भागांचा करार तरी एकदम तीन-चार वर्षांचा करा. दर एप्रिलला नवं टेंडर निघालं की मधल्या काळात एका विमानाचा पंप काढून दुसऱ्याला लावतात. काम दुप्पट, सील दोन्हीकडचे बदला, आणि पहिलं विमान हँगरमध्ये उघडंच.