चर्चा: गोव्यातल्या शिरगावच्या लोहखनिजाच्या खाणीला वारसा म्हणायचं का?

डिचोलीकर_जुना:
परवा शिरगावला गेलेलो. लईराई देवीची जत्रा, धोंड म्हणजे तिचे व्रत करणारे भक्त, होमकुंड, देवीची भावंडं, केळबाय मुळगावला, महामाया मयेला, मिराबाय म्हापशाला जाऊन मिलाग्र सायबीण, म्हणजे चर्चमधली मारियामाता, झाली, हे सगळं पोरांना तोंडपाठ, पण गावाच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या जी खाण खणली तिच्याबद्दल विचारलं तर "धूळ" एवढंच. पोर्तुगीज सरकारने कन्सेशन, म्हणजे खाण खणायचा हक्क, दिली ती कायमची, मुदत बिदत काही नाही. सुरुवातीला मशीनं नव्हती, बायका डोक्यावर टोपल्या घेऊन माल वाहायच्या, मग माल बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदरात आणि तिथून जपानला. हा इतिहास नाही काय? माझं म्हणणं, एक जुना पिट, म्हणजे खाणीचा खड्डा, तसाच ठेवावा, बाजूला छोटं म्युझियम, टोपल्या, फावडी, फोटो, जुने पोर्तुगीज कागद. काय वाटतं?

कुळागरवाली:
वारसा म्हणजे जे आपण पुढच्यांना देतो ते ना? आमच्या शेतात पावसात येणारा लाल गाळ देऊ का? पिट पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसतात आणि तेव्हा आजूबाजूच्या विहिरी सुकतात, हे आमच्या गावात शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. आमची विहीर आजोबांनी खणलेली, माझ्या लग्नाच्या वेळी तळ दिसत होता. त्याचा फोटो लावा म्युझियमात, तिकीट ठेवा दहा रुपये. 😡

टिपरवाला_७०:
ताई राग समजतो पण सगळं एकाच टोपलीत घालू नका. माझे वडील लेबर होते, मी कर्ज काढून टिपर, म्हणजे माल वाहायचा ट्रक, घेतला, आधी डंपवर, म्हणजे टाकाऊ मालाच्या ढिगावर, फेकून दिलेला लो ग्रेड मालसुद्धा चायनाने उचलायला सुरुवात केली तेव्हा गावात पैसा दिसला, घरं झाली, पोरं शिकली. मग २०१२ ला बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा कमिशनचा रिपोर्ट आला, सप्टेंबरात सरकारने खाण बंद केली, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने, आणि टिपर अंगणात गंजत उभा, हप्ते मात्र चालू. आमचं पण म्युझियम करा मग, त्या गंजक्या टिपरचं.

कुळागरवाली:
@टिपरवाला बाब, तुमच्या हप्त्यांचं वाईट वाटतं, खरंच. पण खाण बंद का झाली तेही सांगा. १९८७ च्या कायद्याने कन्सेशनची लीज, म्हणजे मुदतीचा भाडेपट्टा, झाली, आणि २०१४ च्या निकालात कोर्ट म्हणालं की ती लीज २००७ च्या नोव्हेंबरातच संपलेली. म्हणजे मधली पाच वर्षं बेकायदेशीर. त्या पाच वर्षांच्या पैशाचा हिशोब ठेवा काचेच्या कपाटात.

माचीवरून:
मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही नाही. अहो डिचोली ब्लॉक, म्हणजे खाणीसाठी २०२२ ला लिलाव झालेला पट्टा, त्यात डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव अशी गावं येतात. लामगावला दगडात कोरलेल्या लेण्या आहेत! त्यांच्या आसपासचं सगळं लीजच्या नकाशावर, आणि आपण भांडतोय पिटच्या म्युझियमवर. मुळगावचे लोक आधीपासून ओरडतायत, देवळं, घरं, शेतं लीजमधून वगळा म्हणून. हे आधी होऊ दे, मग टोपल्या जमवू.

डिचोलीकर_जुना:
@माचीवरून लेण्यांचा मुद्दा बरोबर, माझ्या डोक्यात नव्हता. पण एक सांगतो, म्हातारी माणसं चाललीत. टोपली डोक्यावर वाहिलेली बाई आज ऐंशीच्या पुढची असेल, तिचं कोणी लिहून घेतलं नाही तर खाणीचा इतिहास म्हणजे फक्त मालक आणि कोर्टाचे निकाल, एवढाच उरणार. कुळागरवाली ताई, तुमच्या विहिरीची गोष्टही त्यातच यायला हवी. मी कोणाची आरती ओवाळायला म्युझियम मागत नाहीये.

टिपरवाला_७०:
माझ्या आईची चुंबळ आहे घरी. जुन्या साडीची, लाल मातीचा रंग अजून गेला नाही, कितीदा धुतली. पायजे तर देतो.

कुळागरवाली:
चुंबळ द्या हो बाब, मी नाही म्हणणार नाही, ती तुमच्या आईची. पण पिट "तसाच ठेवावा" हे नाही. तो भरा नाहीतर त्यातलं पावसाचं पाणी गावाला पाजा. आणि म्युझियम लीज घेतलेल्यांच्या पैशातून नको, नाहीतर पाटीवर आमच्या आधी त्यांचंच नाव लागेल.

माचीवरून:
पाटीवर नाव कोणाचं, ह्यावर आपण अजून दोनशे रिप्लाय करू शकतो 😄 डिचोलीकर, रविवारी मी रिकामा आहे, मोबाईलवर रेकॉर्डिंग करू. पहिलं टिपरवाल्यांच्या आईकडे जाऊ, त्या बोलायला तयार असतील तर.

टिपरवाला_७०:
तयार आहे. पण दुपारी या, सकाळी ती कोणाशी बोलत नाही.