मदत हवी आहे: ‘हॅव’ आणि ‘हॅविंग’ नक्की कुठे वापरायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय ५४. तीन महिन्यांसाठी थोरल्याकडे मँचेस्टरला आलेय. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (२००० साली ते पहिलीपासून झालं, तोवर आमचं शिक्षण आटोपून गेलेलं). वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, पण बोलायला गेलं की गाडी ‘हॅव’पाशी अडते.

परवा बागेत बाकावर एक आजी भेटल्या. मुलंबाळं किती म्हणून विचारलं. मी ठसक्यात म्हटलं, ‘आय ॲम हॅविंग टू सन्स.’ त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे, आणि ‘ओह, लव्हली’ म्हणून गप्प बसल्या. घरी सुनेला सांगितलं तर ती हसून लोळायचीच बाकी राहिली. तिच्या मते मी त्या बाईंना जुळ्यांची बातमी देऊन आले!

दुसरा प्रसंग दुकानातला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘हॅव यू गॉट अ बॅग?’ मला वाटलं विचारतेय, पिशवी मिळाली का? मी म्हटलं, ‘नो.’ तिने लगेच एक पिशवी काढून बिलात लावली. इथे दहा पेन्सच्या खाली पिशवी मिळतच नाही. माझी कापडी पिशवी खांद्यालाच होती हो.

तिसरं म्हणजे केस. मी ‘आय कट माय हेअर’ म्हटलं, तर सून म्हणाली, ‘आई, म्हणजे तुम्ही स्वतः कात्री चालवलीत.’ आता कापले पार्लरवालीने, पण केस माझेच ना? मग काय म्हणायचं?

व्याकरणाच्या पुस्तकातल्या व्याख्या नकोत, त्या पाठ आहेत. बोलताना चटकन आठवेल असं काही सांगा.

खडूफळा

ताई, बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, हा घोळ दरवर्षी नव्याने भेटतो. दोष तुमचा नाही. ‘हॅव’ला मराठीत एक असा शब्दच नाही. ‘मला दोन मुलगे आहेत’, ‘माझ्याकडे छत्री आहे’, ‘माझं नाशिकला घर आहे’, ‘मला ताप आलाय’. आपण मला, माझ्याकडे, माझं असं बदलत जातो. नातं, वस्तू, मालकी, दुखणं सगळं वेगळं. इंग्रजी या सगळ्यांना एकाच दावणीला बांधतं: आय हॅव.

‘हॅविंग’साठी मी मुलांना एकच युक्ती देतो. वाक्य आधी मराठीत म्हणा. ‘करतेय’, ‘होतंय’, ‘चाललंय’ आलं तर हॅविंग चालेल. नुसतं ‘आहे’ आलं तर नाही. मी नाश्ता करतेय: आय ॲम हॅविंग ब्रेकफास्ट. चालायला त्रास होतोय: आय ॲम हॅविंग ट्रबल वॉकिंग. मला दोन मुलगे आहेत: आय हॅव टू सन्स. ‘असतायत’ असं आपण म्हणत नाही, तसंच तिकडेही नाही. मुलांच्या बाबतीत ‘हॅविंग’ म्हटलं की ‘होणार आहेत’ असाच अर्थ निघतो, त्यामुळे सूनबाईंचं बरोबर आहे.

तिसरी_घंटा

सर, मग ‘डोकं दुखतंय’चं काय? तिथे ‘तंय’ आहे, तरी ‘आय ॲम हॅविंग अ हेडेक’ कानाला खटकतं.

खडूफळा

पकडलंत! दुखण्यांना युक्ती लंगडी पडते. तिथे ‘डोकेदुखी आहे’ असं नाम आणून म्हणायचं: आय हॅव अ हेडेक. सर्दी ‘झाली’, ताप ‘आला’, तरी इंग्रजीत आपलं आय हॅव अ कोल्ड, आय हॅव अ फीवर.

नाखवा

पिशवीबद्दल लिहितो. ब्रिटिश माणसाच्या तोंडी ‘हॅव यू गॉट’ म्हणजे नुसतं ‘आहे का?’. त्या ‘गॉट’मध्ये मिळण्याचं काही नाही, त्याकडे कानाडोळा करा. उत्तर: ‘येस, आय हॅव.’ अमेरिकेत हेच ‘डू यू हॅव अ बॅग’ म्हणून ऐकू येईल.

बाय द वे, मी जहाजावर रशियन सहकाऱ्यांबरोबर होतो. त्यांच्याकडेही ‘माझ्यापाशी आहे’ अशीच रचना आहे, आणि ‘हॅव’ला ते पण अडखळायचे. तेवढीच सोबत!

वेलदोडा

केसांचं मी सांगते काकू. आपलं ‘करून घेणं’ आठवा. केस कापून घेतले: आय हॅड माय हेअर कट. ब्लाउज शिवून घेतला: आय हॅड माय ब्लाउज स्टिच्ड. क्रम महत्त्वाचा, वस्तू मधे आणि काम शेवटी. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हटलंत की कात्री परत तुमच्या हातात. फक्त ‘जेवून घेतलं’, ‘झोपून घेतलं’ला हे लावू नका, तिथे दुसऱ्याकडून काही करवलेलं नाही.

आणि बोलताना एक: ‘हॅव टू’ म्हणजे ‘करावं लागतं’ असेल तर ते लोक ‘हॅफ्टू’ म्हणतात. दोन मुलांचा ‘हॅव’ मात्र स्वच्छ ‘व’ने.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. सरांची युक्ती फ्रिजवर चिकटवली आहे. आज त्या आजी पुन्हा भेटल्या. ‘आय हॅव टू सन्स, बोथ ग्रोन अप,’ असं सांगून टाकलं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडचा कुत्रा भुंकला.

मग त्याच जोरावर पार्लरमध्ये गेले. ‘आय वुड लाइक टु हॅव माय हेअर कट’, न अडखळता म्हटलं. तिने खुर्ची फिरवली आणि विचारलं, ‘हाऊ वुड यू लाइक इट?’ मी बोटांनी दोन इंच दाखवले, तिने दोनच इंच ठेवले. ‘फक्त टोकं कापा’ला काय म्हणतात, तेवढं कुणी सांगा.