बांगलादेशाने संत्र्यावरचे शुल्क वाढवले, ते आपण कांदा अडवला म्हणूनच का?

प्रश्न : संत्रा बागायतदार, नागपूर

आमची काटोलजवळ बाग आहे. पूर्वी आंबिया बहार (संत्र्याचे हिवाळ्याच्या तोंडी निघणारे पीक) उतरू लागला की बांगलादेशासाठी माल घेणारे व्यापारी झाडावरच सौदा करून जात. आता तोच माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यावा लागतो आणि भाव पडतो. 2019 मध्ये किलोमागे 20 टका (टका हे बांगलादेशाचे चलन) असलेले तिकडचे शुल्क 2023 मध्ये 88 टक्यांवर गेले. गावात सर्वांचे म्हणणे एकच, की आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्रा अडवला. हे खरे आहे का? आणि साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार असताना एवढे शुल्क लावता येते तरी कसे?

प्रतिसाद : जुना निर्यातदार

क्रम पाहिला तर हा हिशेब जुळत नाही. डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी येण्याआधीच 88 टके लागू झाले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मे 2022 मध्ये डॉलरची चणचण भासू लागल्यावर ढाक्याने सरसकट सर्व परदेशी फळांवर नियामक शुल्क (मूळ सीमाशुल्काशिवाय लावला जाणारा जादा कर) वाढवले आणि त्यात सफरचंद व द्राक्षेही सापडली. ज्या देशाला जानेवारी 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 4.7 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करून घ्यावे लागले, तो फळांवरचा खर्च आधी कापणार.

प्रतिसाद : वाणिज्य शाखेचा प्राध्यापक

साफ्टाबद्दल थोडे. 2006 पासून अमलात आलेल्या या करारातील सवलत मूळ सीमाशुल्कापुरती आहे. नियामक आणि पूरक शुल्क त्याच्या कक्षेबाहेर राहतात आणि खरा भार नेमका तेथेच पडतो. उलट भारताने 2011 मध्ये दारू व तंबाखूच्या 25 वस्तू वगळता बांगलादेशाचा सर्व माल शुल्कमुक्त केला. त्यामुळे वाटाघाटीत देण्यासारखे आपल्याकडे फारसे उरलेले नाही, ही अडचण कोणी बोलून दाखवत नाही.

प्रतिसाद : वर्धा रोडवरचा वाचक

तरीही कांद्याला पूर्ण निर्दोष ठरवू नये. सप्टेंबर 2019 मध्ये एका रात्रीत निर्यात थांबली, तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन आधी कळवले असते तर बरे झाले असते असे जाहीरपणे सुनावले होते. स्वयंपाक्याला कांदा न घालण्यास सांगितले आहे, असेही त्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी तोच प्रकार पुन्हा घडला. ज्या शेजाऱ्याचा कांदा आपण असा मधेच तोडतो, त्याच्याकडे संत्र्यासाठी रदबदली करायला आपण कोणत्या तोंडाने जावे?

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. साफ्टाचा मुद्दा आज प्रथमच नीट समजला. डिसेंबर 2023 मध्ये राज्याने जाहीर केलेले शुल्काच्या 50 टक्क्यांचे अनुदान निर्यातदारासाठी होते. आमच्या बागेत आलेल्या व्यापाऱ्याने मात्र त्यापोटी क्रेटमागे एक रुपयाही वाढवून दिला नाही. मृग बहाराचा, म्हणजे पुढच्या पिकाचा, सौदा करताना तो विषय मी आधीच काढणार आहे.