गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात वावधनात (वादळी वाऱ्यात) सापडलो. बोट ठेवू की विकू?

बुडीतकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका गृहस्थांकडून जुनी फायबरची बोट घेतली. चौदा फुटी, मागे ९.९ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. १९८८ साली गोसेखुर्दची पायाभरणी झाली तेव्हा मी दुसरीत होतो. आज माझ्या आजोबांची धानाची बांधी (भाताचं शेत) त्या पाण्याखाली आहे. सुट्टीच्या दिवशी बोट त्या जागेवर नेऊन अर्धा तास थांबतो, एवढ्यासाठीच ती घेतली.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. सोबत मामाजी (सासरे) आणि नऊ वर्षांचा भाचा. साडेचारला निघालो. उकाडा असा की पान हलत नव्हतं. पश्चिमेला काळं दिसत होतं, पण ते लांब आहे असं वाटलं. पाण्याच्या मध्यावर पोचलो आणि एकदम गार वारा अंगावर आला. दहा मिनिटांत लाटा उठल्या. आमचा घाट उत्तरेला. मी बोट फिरवून घाटाकडे पूर्ण वेगात सोडली. लाटा कुशीवर आदळू लागल्या, घोट्याएवढं पाणी आत आलं. मग पंख्याला जलपर्णी गुंडाळली गेली आणि इंजिन बंद.

बोट वाहू नये म्हणून मी मागच्या फळीजवळ बांधलेला नांगर तिथूनच टाकला. दोर ताणला गेला, बोटीची मागची बाजू दबली आणि लाट सरळ आत आली. जलपर्णी तोडायला विळा सोबत असतो, त्याने मामाजींनी दोर कापला. नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. वाहत जाऊन बुडालेल्या झाडांच्या खोडांत अडकलो. वारा पडल्यावर एक ढिवर (मासेमार) काका डोंगा (लहान होडी) घेऊन आले, त्यांनी ओढत काठाला आणलं. लाइफ जॅकेटं दोन होती, दोन्ही फळीखाली. भाच्याच्या मापाचं एकही नव्हतं.

भाचा दोन रात्री झोपेत ओरडत उठला. घरचे म्हणतात, विकून टाका. नेमकं कुठे चुकलं ते मला समजून घ्यायचं आहे. स्पष्ट सांगा, राग मानणार नाही.

नवेगावबांध_काठ

तिघंही सुखरूप आलात, हे मोठं. विकायचं की ठेवायचं ते आत्ता ठरवू नका. पण माणसं जितकी, जॅकेटं तितकी, आणि ती काठावरच अंगात घालून मगच बोटीत पाय. भर वाऱ्यात हलत्या बोटीत उभं राहून जॅकेटचे पट्टे बांधता येत नाहीत, मी करून पाहिलं आहे.

डोंगेवाला

मास्तर, मी ढिवराच्या घरचा. बाप वैनगंगेवर जाळं टाकत होता, मी आजही टाकतो. इंजिनाची बोट मी तीन वर्षं एका मालकाकडे चालवली, म्हणून दोन्हीकडचं सांगतो जी.

पहिली चूक तुम्ही बोटीत बसायच्या आधीच झाली. उन्हाळी ढगातून जड, गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवरून पसरत पावसाच्या पुढे धावत येते. पाऊस लांब दिसतो, वारा तं येऊन पोचलेला असतो. वीज चमकली की मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं तं तुम्ही पाण्यावर नसायला पायजे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे जायचं नाही.

दुसरी गोष्ट बापाने शिकवली. गार वारा लागला की आपला घाट इसरायचा. वारा ज्या काठाकडून येतो तो काठ जवळ असला तं तिकडे निघायचं. त्या काठाला वाऱ्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही, म्हणून पाणी बसलेलं असतं. जितकं लांब मोकळं पाणी, तितकी मोठी लाट. तुमचा वारा पश्चिमेचा आणि तुम्ही मध्यावर. पश्चिमेकडे गेले असते तं दर शंभर फुटांना लाट लहान होत गेली असती, आणि लाट पुढून आली असती. तुम्ही उत्तरेला निघाले, म्हणून सारी लाट कुशीवर घेतली. बोट कुशीवरच उलटते. रात्री गावाबाहेरून चालत यावं लागलं तरी चालते, बोट उद्या आणता येते.

लाट पुढून थोडी तिरपी घ्यायची. वेग इतकाच ठेवायचा की बोट वळवता येईल. पूर्ण वेगात बोट लाटेवरून उडते आणि नाक खाली घालते. माणसांना फळीवरून उतरवून तळाशी, मधोमध बसवायचं. भिजतील, भिजू द्या.

नांगर. मास्तर, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. नांगर नाकाकडूनच टाकायचा. मागची बाजू सपाट आणि बुटकी, वरून इंजिनाचं वजन. तिथे दोर ताणला की लाट आत येणारच. दोरही भरपूर सोडायचा, वीस फूट खोल असेल तं शंभर फूट तरी. नांगर नसला तं बादली दोराने नाकाला बांधून पाण्यात सोडा. ती पाण्याने भरते, मागे ओढते आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडे राहते. तेवढ्यात पंखा मोकळा करता येतो. इंजिनाला तोडदोरी असेल तं ती मनगटाला बांधा. माणूस पडला की इंजिन आपोआप बंद होते.

खोडं तुम्हाला धरायला मिळाली, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात पाणी उतरते तशी वीतभर खाली राहिलेली खोडं वर येतात, लाटेत बोट त्यांच्यावर आपटली तं फायबर फाटते. आणि बोट उलटलीच तं तिला सोडायचं नाही. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघणारा दमतो. उलटी बोट लांबून दिसते, पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शीकडे वैनगंगेत नाव उलटून सहा बायका गेल्या, मिरची तोडायला निघाल्या होत्या. तेव्हापासून मी कोणाला जास्तीचं बसवत नाही, चिडला तरी.

एक मनातलं. हौशी बोटवाले आमच्या जाळ्यांवरून बोट नेतात. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं असते. आडवं जाऊ नका, वळसा घाला. जाळं फाटलं तं आमचा दोन-चार दिवसांचा रोज गेला, आणि दोरा तुमच्या पंख्यात. निघताना काठावरच्या ढिवराला सांगून जा, आल्यावर आलो म्हणून सांगा. तुम्हाला ओढून आणलं त्या काकांना तुम्ही कुठे आहात हे दिसलं होतं, म्हणून आले.

रामटेकची_ताई

खिंडसी तलावावर आमची दोन वल्ह्यांची बोट आहे. एप्रिलपासून पाऊस बसेपर्यंत दुपारी तीननंतर पाण्यावर कोणी राहायचं नाही, हा घरचा नियम. पाहुणे कितीही हट्टाला पेटले तरी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, आसपास वीज पडली की कळतं. नागपूरच्या हवामान केंद्राचा पुढच्या दोन-तीन तासांचा इशाराही बघत जा. मुलाचं जॅकेट त्याच्या वजनाचं घ्या आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा लावाच. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि तोंड खाली जातं. शिट्टी जॅकेटलाच बांधा.

भाच्याला लगेच बोटीत बसवू नका, पण पाण्यापासून तोडूही नका. माझ्या मुलीला आधी गुडघाभर पाण्यात जॅकेट घालून तरंगायला शिकवलं, मग तिची भीती गेली.

बुडीतकाठचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. डोंगेवाले दादा, तुमचं मामाजींना वाचून दाखवलं. पश्चिमेच्या काठाचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी बोटीतच म्हटलं होतं, तिकडे चल म्हणून. वाऱ्यात मला ऐकू आलं नव्हतं.

काल काकांकडे जाऊन आलो. पैसे घेतले नाहीत. नायलॉन दोराचा नवा गुंडा दिला, तो घेतला. नाकाला लोखंडी कडी बसवून घेतली, नांगर आता पुढे राहील. बोट झाकून ठेवली आहे, पाऊस संपेपर्यंत काढणार नाही. विकत नाही. बांधीची जागा मला पाण्यावरूनच दिसते.

डोंगेवाला

दिवाळीनंतर बोट काढाल तेव्हा इथे लिहा. पाणी भरलेलं असते, तेव्हा खोडं दिसत नाहीत. कोणती कुठे आहेत ते एकदा सोबत फिरून दाखवतो. सकाळी सहाला या, भाच्यालाही आणा. त्याला माझ्या डोंग्यात बसवू.