फार्बरच्या औषधाने ओसरलेला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) परत का यायचा? पिंकेलनी नेमकं काय बदललं?

रक्तबिंदू: सिडनी फार्बरनी १९४८ मध्ये बॉस्टनमध्ये अमिनोप्टेरिन देऊन १६ पैकी १० मुलांत सुधारणा दाखवली, पण ती काही महिनेच टिकली. पुढे १९६७-६८ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेलनी जी उपचारपद्धती सुरू केली, तिच्यात निम्म्याच्या आसपास मुलं कायमची बरी झाली. त्यांनी वापरलेलं मेथोट्रेक्सेट तर अमिनोप्टेरिनचंच भावंड. मग फरक कशाने पडला?

पेशीगणक: आधी आकडा डोळ्यांसमोर आणा. निदानाच्या वेळी मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात. त्यातल्या ९९ टक्के मेल्या तरी हजार कोटी उरतात. हाडांतल्या मज्जेत ब्लास्ट (अपक्व पेशी) ५ टक्क्यांखाली आले की सूक्ष्मदर्शकाच्या भाषेत ते रेमिशन, म्हणजे रोग ओसरणं, पण रोग तिथेच असतो. संशोधक हॉवर्ड स्किपरनी उंदरांवर दाखवून दिलं की एकच जिवंत पेशी उंदराला मारायला पुरते, आणि औषधाचा प्रत्येक डोस ठरावीक संख्या नव्हे, ठरावीक प्रमाण मारतो. म्हणजे मज्जा स्वच्छ दिसली म्हणून थांबलात की रोग परतणारच.

फार्बरचा तर्क अचूक होता. फोलिक ॲसिडची संयुगं दिल्यावर रोग भडकल्यासारखा वाटला, म्हणून त्यांनी फोलिक ॲसिडच्या विरोधी औषधांकडे मोर्चा वळवला. ती लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या चमूने बनवली होती. हे नाव मराठीत फार कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं. पण एकट्या औषधाला पेशी लवकर दाद देईनाशा होतात: कुणी औषध आत घेत नाही, कुणी ते ज्या एन्झाइमला अडवतं तेच भरमसाट बनवते.

मज्जारज्जू: वरच्या उत्तरात मेंदू राहिला, आणि खरी गोम तिथेच आहे. रक्तातून दिलेली बरीचशी औषधं मेंदूच्या आवरणांपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. अनेक औषधं एकत्र देऊन मज्जा जास्त काळ साफ राहू लागली, तसा रोग तिथून डोकं वर काढू लागला: डोकेदुखी, उलट्या, दृष्टी अधू होणं. पिंकेलनी लक्षणांची वाट न पाहता मेंदूवर आधीच उपचार केले. सुरुवातीच्या अभ्यासांत रेडिएशनचे ५०० ते १२०० रॅड (मात्रेचं एकक) दिले, ते कमी पडले. पाचव्या अभ्यासातल्या ३५ मुलांना डोक्यावर २४०० रॅड आणि पाठीतून, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, मेथोट्रेक्सेटची पाच इंजेक्शनं, प्रत्येकी शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला १२ मिग्रॅ. त्याआधी चार-सहा आठवडे रोज प्रेडनिसोन आणि दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन. नंतर दोन-तीन वर्षं मेंटेनन्स, म्हणजे रोग परतू नये म्हणून चालू ठेवलेली औषधं.

चौथ्या अभ्यासाचा धडाही विसरू नका. मेंटेनन्सची औषधं अर्ध्या डोसने दिलेल्या मुलांत रोग लवकर परतला. दुष्परिणामांच्या भीतीने डोस आखडता घेतला की किंमत मुलालाच मोजावी लागते.

रक्तबिंदू: आभारी आहे. मग डोक्यावर रेडिएशन आजही देतात का? आणि तान्ह्या बाळालाही पाठीतला डोस चौरस मीटरवरच काढतात?

मज्जारज्जू: बहुतेक मुलांना आता नाही. बुद्धी, वाढ, हार्मोन यांवर परिणाम आणि वर्षांनंतर दुसरी गाठ, असा हिशेब पुढे आला. सेंट ज्यूडच्याच पंधराव्या अभ्यासात (२०००-०७) सगळ्यांचंच प्रतिबंधक रेडिएशन वगळलं. त्याची जागा पाठीतल्या इंजेक्शनांनी आणि शिरेतून दिलेल्या जास्त डोसच्या मेथोट्रेक्सेटने घेतली.

डोसचा प्रश्न नेमका विचारलात. मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रमाण तीन वर्षांच्या सुमारासच मोठ्या माणसाइतकं होतं, शरीराचं क्षेत्रफळ मात्र नंतरही वाढत राहतं. त्यामुळे चौरस मीटरचा हिशेब लहानग्यांना कमी आणि किशोरांना जास्त औषध देई. आता वयावर: एका वर्षाखाली ६ मिग्रॅ, एक वर्षाला ८, दोनला १०, तीन व पुढे १२. औषध प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच. पहिली सुई सरावलेल्या हाताने, प्लेटलेट पुरेशा असताना; रक्तस्राव झाला तर रक्तातले ब्लास्टच त्या पाण्यात शिरतात. व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीत गेलं तर जीव जातो, म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतच तयार करावं.

गोळीडबा: मेंटेनन्सबद्दल, कारण घरी चुका तिथेच होतात. ६-मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ते रोज दिलं गेलं तर तोंड सोलतं, मज्जा कोलमडते, मृत्यूही ओढवतो. वार ठरवून डब्यावर लिहा. ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारं औषध) सोबत दिलं तर मर्कॅप्टोप्युरिन अंगात साठतं. डोस पाव ते एक तृतीयांशावर आणावा लागतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर मायक्रोलिटरला साधारण ५०० ते १५०० दरम्यान ठेवतात. सतत त्याहून वर राहिले तर आधी गोळ्या खरंच पोटात जाताहेत का ते पाहा, मग डोस वाढवा.

मर्कॅप्टोप्युरिन अंगात निकामी होण्याशी संबंधित जनुकांपैकी आपल्याकडे टीपीएमटीइतकाच एनयूडीटी१५ हा जनुकही तपासावा, कारण त्याचे दोषी प्रकार युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत बरेच जास्त आढळतात. दोन्ही प्रती दोषी असतील तर नेहमीच्या डोसने रक्तपेशी धोकादायक पातळीला उतरतात. अशा मुलाची सुरुवात दिवसाला १० मिग्रॅ प्रति चौरस मीटरच्या आसपास करतात.

पेशीगणक: रेमिशनचा माझा आधीचा मुद्दा आज मोजता येतो. फ्लो सायटोमेट्रीने (लेझरने एकेक पेशी ओळखणाऱ्या तपासणीने) दहा हजारांत एक ल्युकेमिया पेशी सापडते. उपचारांच्या पहिल्या टप्प्याच्या शेवटी उरलेला रोग ०.०१ टक्क्याच्या वर असेल, तर मज्जा कितीही स्वच्छ दिसो, उपचार तीव्र करतात. मात्र नमुना सुईने ओढलेल्या मज्जेच्या पहिल्याच ओढीचा पाठवा. नंतरच्या ओढीत रक्त मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो.