१९५८ चा पेसमेकर: सेनिंग यांनी थांबायला हवं होतं का?

स्पंदन: ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पेसमेकर बसवला. तो काही तासांत बंद पडला. दुसरा बसवला, तोही फार टिकला नाही. माझ्या मते थांबायलाच हवं होतं. हृदयाला शिवलेली तार मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाला लाखभर वेळा वाकते. ती तुटणारच. शिवाय इलेक्ट्रोडभोवती, म्हणजे तारेच्या हृदयाला टेकलेल्या टोकाभोवती, व्रणाच्या ऊतीचा जाड थर धरतो आणि थ्रेशोल्ड, म्हणजे हृदय आकुंचन पावायला लागणारी किमान वीज, चढतो. आज विजेच्या ज्या पल्सने हृदय आकुंचन पावतं, ती महिन्याभराने अपुरी पडते.

नाडीपरीक्षा: थांबायचं कुणाच्या जिवावर? लार्सन यांना पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही, आणि स्टोक्स-ॲडम्सचे झटके, म्हणजे ठोके थांबून शुद्ध हरपणं, दिवसाला वीस-तीस. डॉक्टर झोल यांचं १९५२ चं यंत्र छातीच्या कातडीवरून झटके देई. कातडी भाजायची, वेदना असह्य. कातडीतून तार आत घ्यावी, तर तिच्या वाटेने जंतू शिरतात. म्हणूनच सगळं आत ठेवायचं ठरलं.

स्पंदन: त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या आधीच, न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर सेमूर फरमन यांनी शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात तार सरकवली होती. छाती उघडायची गरज नाही. त्यांचा एक रुग्ण ९६ दिवस त्यावर राहिला.

सर्किटवाला: तार एवढीच अडचण नव्हती, बॅटरीचंही बघा. सेनिंग यांचा पेसमेकर बनवणारे अभियंते एल्मक्विस्ट यांनी निकेल-कॅडमियम सेल आणि ट्रान्झिस्टर बुटपॉलिशच्या डबीत ठेवून वर इपॉक्सी ओतली. साधारण ५५ मिमी व्यासाची, १६ मिमी जाडीची वडी निघाली. चार्जिंग कातडीवर कॉइल ठेवून. अभियंते ग्रेटबॅच आणि शल्यविशारद चार्डॅक यांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत त्यांच्या पेसमेकरमध्ये पारा-जस्ताचे दहा सेल वापरले आणि चार्जिंगची कटकट गेली. पण या सेलमधून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे धातूच्या डबीत हवाबंद करता येत नाहीत. इपॉक्सीतून वायू बाहेर पडतो, तसा अंगातला ओलावाही आत झिरपतो. पाच वर्षांची अपेक्षा होती, यंत्रं दोनेक वर्षांत काढावी लागली. हा दोष १९७२ च्या सुमाराला लिथियम-आयोडीन सेल आल्यावर सुटला. त्यात वायूच होत नाही. तोवर थांबायचं म्हणजे चौदा वर्षं!

नाडीपरीक्षा: आणि फरमन यांचा रुग्ण ढकलगाडीवरच्या पेसमेकरच्या पेटीला बांधलेला होता, पेटी भिंतीतल्या प्लगला. वीज गेली की पेसिंग थांबलं. लार्सन २६ पेसमेकर वापरून २००१ मध्ये ८६ व्या वर्षी गेले, तेही कर्करोगाने.